चौकातून वर आलेली पिसं

"आजोबा! लवकर या! पिकोपण पडलाय!"

धाकट्या भावाची, नेलोची, किंकाळी ऐकून एम्पार टॉवेल टाकून धावली. तिघांची नदीवर पोहायला जायची गडबड चालली होती. त्यांचा मावसभाऊ बातिस्त तर मघापासून दारात उभा राहून "चला रे, चला रे!" म्हणून ठणाणा करत होता. तोही आता आत धावला.

स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगलेल्या पिंजऱ्याच्या तळाशी पिको पाय वर करून पडला होता. चोच उघडी, पंख पसरलेले. सकाळीच त्यानं गाऊन गाऊन सगळ्यांना उठवलं होतं!

गोन्साल आजोबांनी त्याला अलगद बाहेर काढलं आणि वर्तमानपत्रावर ठेवलं. या आठवड्यातला हा तिसरा कॅनरी.

"विष!" आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू होता, की मुलांना जास्तच भीती वाटली. "कुणीतरी विष घालतंय. आणि तो कोण, ते मला ठाऊक आहे."

"कोण, आजोबा?"

"दुसऱ्या मजल्यावरचा फुस्तेर! गेल्या वर्षी स्पर्धेत पिकोनं त्याच्या पक्ष्याला हरवलं, तेव्हापासून जळतोय मेला माझ्यावर!"

आजोबा तरातरा जिना उतरू लागले आणि तिघं त्यांच्या मागे धावली. आता हाणामारी होणार! आजोबांनी फुस्तेरच्या दारावर मूठ आपटली.

दार उघडलं. फुस्तेरचे डोळे लाल झाले होते. त्याच्या तळहातावर एक हिरवट कॅनरी निपचित पडला होता.

"गोन्साल," तो म्हणाला, "माझी लीना गेली रे आत्ता."

आजोबांची वळलेली मूठ तशीच राहिली. मग ती सैल झाली आणि त्यांनी फुस्तेरच्या खांद्यावर हात ठेवला. दोन म्हातारे दारात उभे राहून एका मेलेल्या पक्ष्याकडे बघत राहिले.

विष घालणारा फुस्तेर नव्हता, तर मग कोण होतं?

"बाकीचे पक्षी बरे आहेत ना?" तिनं विचारलं.

"हो गं पोरी. बाकीचे रस्त्याकडच्या बाल्कनीत असतात. लीनाला तेवढं मी स्वयंपाकघरात ठेवायचो, सोबतीला."

एम्पार आणि बातिस्तनं एकमेकांकडे पाहिलं. फुस्तेरचं स्वयंपाकघर चौकाकडे होतं, आजोबांचंही. इमारतीच्या पोटातला तो उंच, अरुंद चौक तळापासून गच्चीपर्यंत उघडा होता. सगळ्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या त्यातच उघडायच्या आणि सगळ्यांचे कपडे त्यातच वाळायचे.

"चौकात काहीतरी आहे," बातिस्त पुटपुटला.

"भूत?" नेलोनं विचारलं.

"गप रे, नेल्या!" एम्पार म्हणाली. पण तिचा स्वतःचा आवाजही जरा कापराच आला.

जेवायला बातिस्तची आई, रोझेर मावशी, वर आली. ऑगस्टचं ऊन ओंतिन्येंत गावाच्या भिंती भाजत होतं, आणि मावशीनं अंगाभोवती लोकरीची शाल घट्ट गुंडाळली होती!

"काल रात्रभर हुडहुडी," ती म्हणाली. "छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटत होतं. फ्लू असेल. कारखान्यात सगळ्याच बायकांना झालाय."

कारखाना म्हणजे याच इमारतीच्या तळमजल्यावरचं बेल्दासाहेबांचं दुकानवजा शेड. तिथं कापडाला लेप द्यायचे. कापड औषधी पाण्यात बुडवायचं, पिळायचं आणि लांबलचक भट्टीतून न्यायचं. भट्टीच्या गरमीनं लेप धाग्यावर पक्का बसला, की त्या कापडावर ना पाणी टिकायचं ना तेल. आजोबांच्या टेबलावरचा कपडाही तिथलाच होता. नेलोच्या ताटलीतून ऑलिव्ह तेलाचा थेंब त्यावर सांडला आणि मण्यासारखा घरंगळत खाली गेला.

"गावच्या उत्सवाच्या मिरवणुकीआधी मांडवांच्या छतांचं सगळं कापड द्यायचंय, म्हणून साहेबांची घाई चाललीये," मावशी सांगत होती. "भट्टीला करपल्यासारखा वास येतो. मी म्हटलं त्यांना, साहेब, गरमी दाखवणारा काटा अडकलाय, गरमी जास्त होतेय. तर हसले. म्हणाले, रोझेर, तू कापड बघ, भट्टी मी बघतो."

"मग आज जाऊ नकोस ना, आई!" बातिस्त म्हणाला.

"चारच्या पाळीला जायचंय मला. न जाऊन कसं चालेल? आणि मोठ्यांच्या कामात तू नाक खुपसू नकोस. मी जरा पडते."

मावशी आतल्या खोलीत झोपायला गेली. दाराआडून तिचा खोकला ऐकू येत होता. बातिस्तनं ताटातला घास पुढे सरकवला, पण खाल्ला नाही.

दुपारची सगळ्या गावाची झोपेची वेळ झाली. खिडक्यांच्या झडपा बंद झाल्या. आजोबा मात्र पिकोच्या रिकाम्या पिंजऱ्यापाशी खुर्ची टाकून बसले होते. तिघांनी जिन्यातल्या खिडकीतून खाली चौकात डोकावून पाहिलं.

"तो बघ! तो पाइप!" एम्पार कुजबुजली.

तळाशी कारखान्याच्या झरोक्यातून एक चंदेरी पाइप बाहेर आला होता. त्याच्या भोवतीची फट चिंध्यांनी बुजवली होती.

"भट्टीचा धूर गच्चीवर जायचा," बातिस्त म्हणाला. "मोठं धुराडं होतं. वादळात पडलं ते. म्हणजे बेल्दासाहेबांनी तो..."

"...आपल्या चौकातच सोडलाय!" एम्पारनं वाक्य पुरं केलं. "पण आपल्यावर कोण विश्वास ठेवणार? आत जाऊन नीट बघू या."

"मी पण येणार," नेलो म्हणाला.

"तू लहान आहेस!"

"मग मी आत्ताच्या आत्ता ओरडून सगळ्यांना उठवतो!"

झालं! नेलोही निघाला.

मागच्या अंगणातलं कारखान्याचं छोटं दार उकाड्यामुळे उघडंच ठेवलेलं होतं. आत अंधार होता. कापडाचे तागे माणसाच्या उंचीनं रचले होते. मधोमध भट्टी पसरली होती, थंड आणि गप्प. पाइप तिच्यावरच्या पत्र्याच्या छत्रातून निघून थेट झरोक्यात गेला होता.

"पाहिलंस? आता पळ, आजोबांना..." एम्पार बोलली, तेवढ्यात पुढचं शटर खडखडलं.

"लपा!"

तिघं ताग्यांमागे घुसली. बेल्दासाहेब आत आले आणि शीळ घालत त्यांनी एक कळ दाबली. भट्टी गुरगुरली आणि कापड सरकू लागलं. मग त्यांची नजर मागच्या दारावर गेली.

"हे कुणी उघडं टाकलं? पुन्हा वासाच्या तक्रारी येतील!"

त्यांनी ते दार लावून कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि मुलांना काही सुचण्याआधीच पुढचं शटर ओढून घेतलं. बाहेरूनही कुलूप लागल्याचा आवाज आला. भट्टी तशीच सोडून साहेब कॉफी प्यायला गेले होते!

"आता?" नेलोचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"थांबवायचं बटण!" बातिस्त धावला. मोठं लाल बटण तिथंच होतं, पण लोखंडी जाळीच्या पेटीत, आणि पेटीला कुलूप होतं. बायका सारखी भट्टी थांबवतात म्हणून साहेबांनी तेही बंद करून टाकलं होतं. बातिस्तनं जाळी हलवली, लाथ मारली. काही उपयोग झाला नाही. त्याचा मोबाईल वर चार्जिंगला होता.

हवेत तिखट, करपट वास पसरू लागला. पाइप वाकडातिकडा बसवलेला होता, त्यामुळे सगळा धूर बाहेर जात नव्हता. एम्पारच्या घशात खवखव सुरू झाली.

शटरच्या खालच्या फटीशी तोंड नेऊन तिघं ओरडली. "वाचवा! कुणी आहे का? वाचवा!"

बाहेरचा रस्ता उन्हात झोपला होता. चिटपाखरू नव्हतं.

नेलोला खोकल्याची उबळ आली. "एम्पार, पिको असाच मेला का गं?"

एम्पारनं त्याला फटीशी आडवं झोपवलं. "नाक इथं ठेव. हलू नकोस. बोलू नकोस."

"आई कामावर चारला येणार," बातिस्त म्हणाला. त्याचे डोळे पाण्यानं भरले होते. "तोवर आपण..."

"तोवर थांबायचं नाही!" एम्पार म्हणाली. पण करायचं काय? तिनं भट्टीकडे पाहिलं. सरकत्या कापडाचा एक सुटा धागा हवेत तरंगला आणि सुळकन छत्रात ओढला गेला.

एम्पार ताडकन उठली. "बातिस्त! पाइपातला पंखा हवा वर ओढतोय! इथं टाकलेलं चौकात निघेल! आणि चौकाकडच्या खिडकीत आजोबा बसलेत!"

"टाकायचं काय? चिठ्ठी?"

"चिठ्ठी अडकेल. हलकं काहीतरी हवं. अगदी हलकं..."

नेलोनं सदऱ्यात हात घातला आणि कागदी पिशवी बाहेर काढली. कॅनऱ्यांची पिसं झडायचे दिवस होते. मिरवणुकीतल्या आपल्या फेट्यासाठी तो रोज पिसं वेचून ठेवत होता.

"सगळी लागतील?" त्यानं विचारलं.

"सगळी, नेल्या."

त्यानं एक क्षण पिशवी छातीशी धरली आणि मग पुढे केली.

बातिस्तनं एम्पारला खांद्यावर घेतलं. वर धूर दाट होता. एम्पारनं श्वास रोखला, डोळे मिटले आणि मूठभर पिसं छत्राखाली उधळली. ती भोवऱ्यासारखी फिरली आणि दिसेनाशी झाली. तिनं दुसरी मूठ सोडली. शेवटी अख्खी पिशवीच झटकली. मग दोघं कोसळल्यासारखी खाली आली आणि नेलोशेजारी फटीला नाक लावून पडली.

काहीच होईना. भट्टी गुरगुरत होती. बातिस्तचे दात कडकड वाजू लागले. एम्पारनं नेलोचा हात घट्ट धरला. तो हात गार पडला होता. आजोबांना झोप लागली असेल तर? पिसं मधेच अडकली असतील तर?

धाड!

शटर हादरलं. पुन्हा एकदा, धाड! फटीतून पहारीचं टोक आत आलं.

"एम्पार! नेलो! आवाज द्या रे!"

"आजोबा!!"

कुलूप तुटलं आणि शटर वर गेलं. उजेड आत घुसला. एकीकडे आजोबा, दुसरीकडे पहार धरलेला फुस्तेर. दोघांनी तिघांना ओढून रस्त्यावर आणलं. मागून रोझेर मावशी अनवाणी धावत आली. तिनं बातिस्तला कवटाळलं.

"पिसं वरून खाली पडतात," आजोबा धापा टाकत म्हणाले. "खालून वर आलेली मी जन्मात पाहिली नव्हती! पिवळीजर्द, नेलोनं वेचलेली, माझ्या खिडकीत!"

तेवढ्यात कोपऱ्यावरून बेल्दासाहेब धावत आले. "माझं शटर कुणी तोडलं? आणि ही कार्टी आत काय करत होती? चोर कुठली!"

झडपा उघडल्या. शेजारीपाजारी खाली आले. सगळ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांना पिवळी पिसं चिकटली होती.

"तुमच्या धुरानं आमचे पक्षी मेले!" एम्पार ओरडली.

"मूर्खपणा! धूर गच्चीवर जातो. आणि या वासानं काही होत नसतं. मी स्वतः रोज आत असतो!"

"मग आत जाऊन बसा ना, बेल्दासाहेब," बातिस्त म्हणाला. "भट्टी चालू आहे. आम्ही शटर ओढून घेतो."

सगळ्यांचे डोळे बेल्दासाहेबांवर खिळले. साहेबांनी आतल्या धुराकडे पाहिलं. त्यांचा एक पाय पुढे झाला आणि तिथंच थांबला.

"बसा ना, साहेब," रोझेर मावशी म्हणाली.

साहेबांनी मान खाली घातली. मग खिशातून जाळीच्या पेटीची किल्ली काढून फुस्तेरच्या हातावर ठेवली. फुस्तेर नाकावर रुमाल धरून आत गेला आणि लाल बटण दाबून आला.

अग्निशामक दलाच्या लोकांनी भट्टीची गरमी मोजली, तेव्हा त्यांचा प्रमुख आ वासून बघतच राहिला. काटा दाखवत होता त्याहून भट्टी कितीतरी जास्त तापली होती. कापडावरचा लेप इतका तापला, की त्याचा विषारी धूर होतो. पक्षी त्यानं लगेच मरतात आणि माणसं तापानं फणफणतात. कारखान्याला सील लागलं.

तिघांना त्या रात्री सडकून ताप आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इस्पितळात तो उतरला. खोलीत सगळी जमली होती.

"आत शिरायला नको होतं तुम्ही," डॉक्टरीणबाई दरडावून म्हणाल्या. "पण त्या पिसांनी तुम्हाला वाचवलंच, शिवाय चार वाजता आत जाणाऱ्या सगळ्या बायकांनाही वाचवलं. शाबास!"

"माझ्या स्पर्धेतल्या सगळ्या पदकांपेक्षा ही तीन पोरं भारी," आजोबा म्हणाले.

"या बाबतीत गोन्सालशी माझं भांडण नाही," फुस्तेर म्हणाला.

रोझेर मावशी पलंगाच्या कडेवर बसली होती. "मी पंधरा दिवस तो वास घेत होते," ती म्हणाली. "आणि गप्प बसले."

"आई, तू सांगितलं होतंस त्यांना," बातिस्त म्हणाला.

"एकदाच सांगितलं रे. ते हसले आणि मी गप्प झाले." तिनं तिघांच्या केसांवरून हात फिरवला. "तुम्ही गप्प नाही बसलात. मला तुमचा फार अभिमान वाटतो."

मग पांघरुणातून नेलोचा बारीक आवाज आला.

"मावशी, मला अजून भीती वाटतेय. खिडकी उघडशील?"

मावशी उठली आणि तिनं खोलीतल्या सगळ्या खिडक्या एकेक करून सताड उघडल्या.