हिचा शिंपला

समुद्राचं पाणी घरी बनवावं लागतं, हे गिऱ्हाइकांना पटवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. गाळलेलं पाणी घ्यायचं, त्यात समुद्राचं मीठ घालायचं, पंप लावून घुसळत ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी खारटपणा मोजायचा. स्वयंपाकघरातलं मीठ चालेल का, असं विचारणारा कुणीतरी अधूनमधून येतोच. पूर्वी मी त्याला नीट समजावून सांगायचो. आता म्हणतो, चालेल की, पण मग मासा तळूनच घ्या.

हे सांगतोय ते एवढ्यासाठी की मी मोजणारा माणूस आहे. पाण्याची ऊब, खारटपणा, दिव्याची उंची, सगळं मोजून मगच बोलतो. माझी लेक याला खडूसपणा म्हणते.

दुकान घराच्या खालच्या मजल्यावर. पुढच्या खोलीत मासे, प्रवाळ, पंप, दिवे. मागच्या खोलीत शिंपले. ती खोली पूर्वी कोठार होती, तिला खिडकी नाही. दारापासून पार मागच्या भिंतीपर्यंत एक लांब, उथळ, कंबरेइतक्या उंचीची टाकी आहे, कारण हे शिंपले वरून बघायचे असतात. टाकीवर साखळ्यांनी दिवे टांगलेले. मागच्या टोकाला, शेवटच्या दिव्याखाली, माझी खुर्ची. पंपाची घरघर चालू असते आणि भिंतींना कायम ओलसर खारट वास असतो.

शिंपला म्हणजे दगडासारखा पडून राहणारा जीव, असं लोकांना वाटतं. आमच्याकडचे तसे नाहीत. दोन शिंपांच्या मधून त्यांची मांसल झालर बाहेर पसरते, कुणाची गडद निळी, कुणाची हिरवी, कुणाची सोनेरी ठिपक्यांची. झालरीच्या काठाला बारीक बारीक डोळे असतात. त्यांना चेहरे दिसत नाहीत, फक्त उजेड आणि सावली कळते. वरून सावली गेली की झालर आत आणि शिंपा बंद. नवा शिंपला प्रत्येकाला दचकतो. मग तीच सावली रोज पडत राहिली आणि वाईट काही झालं नाही, की हळूहळू मिटायचं सोडतो. तसंही त्याला फार वेळ मिटून राहणं परवडत नाही. उजेड हेच त्याचं जेवण.

शिंपल्यांचं सगळं आमची ही बघायची. दुपारी दुकान बंद केलं की ती मागच्या खोलीत जायची, बाह्या वर करायची आणि टाकीत हात घालून शेवाळ खुडत बसायची. तिचा स्वतःचा असा एक शिंपला होता, विकायचा नाही असं बजावून ठेवलेला. अंगठ्याएवढा असताना आणला, आता माझे दोन्ही तळवे मावतील एवढा झालाय. तिच्या हाताखाली तो उघडाच राहायचा. मी वाकलो की मिटायचा. इतक्या वर्षांत त्याने माझी सवय करून घेतली नाही, कारण मी तिकडे फारसा फिरकतच नसे.

"तुम्ही आलात की दार लावून घेतो बघा," ती म्हणायची. "माणसं ओळखतो."

"अगं, शिंपल्याला मेंदू नसतो."

"नसू दे. तुम्हाला आहे, त्याचा काय उपयोग झाला?"

गेल्या वर्षी ती गेली. दुखणं मोठं होतं आणि आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर दुपारची वरती झोपायला जाणं मला जमेना. मी मागच्या खोलीत खुर्चीत बसू लागलो. लेक फोनवर सारखं म्हणायची, बाबा, दुकान मोडा आणि माझ्याकडे या. मी हो म्हटलं होतं. नाही म्हणण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मग एका दुपारी हिचा शिंपला मिटला.

मी खुर्चीत होतो, टाकीपासून हातभर लांब. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. शिंपला उघडा होता, निळी झालर काठावरून ओघळलेली, आणि एकदम सगळी आत गेली. थोड्या वेळाने पुन्हा उघडला. मला वाटलं, एखादा खेकडा डिवचून गेला असेल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही.

मी मुकाट्याने कामाला लागलो. दिवा लुकलुकतोय का ते पाहिलं, तो बदलला. पंखा बंद केला. वाळू चाळून खेकडा शोधला, एकही निघाला नाही. दाराला पडदा लावला, पुढच्या खोलीतून गाडीचा उजेडसुद्धा येऊ नये म्हणून. मग डोळ्यांत तेल घालून बसलो. शिंपला मिटला. वरून सावली गेल्यावर मिटतो अगदी तसाच. पण पांढऱ्या वाळूवर मला कसलीच सावली दिसली नव्हती.

माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. मला ती हवी होती. एवढ्या दिवसांत मला दुसरं काहीच नको होतं. पण मोजणारं डोकं लगेच म्हणालं, तिला तर तो कधी मिटत नसे. म्हणजे ही ती नव्हे. किंवा ती असेल, पण शिंपल्याला ओळखू येणार नाही इतकी बदललेली. यातलं पहिलं मला नको होतं. दुसऱ्याचा विचार मी पुरा केला नाही.

लेक दोन दिवसांसाठी आली तेव्हा तिला मी खुर्चीत बसवलं. शिंपला मिटला. ती पाहत राहिली.

"बाबा, त्याला काहीतरी झालंय."

"काही झालेलं नाही. पाणी उत्तम आहे."

"मग तुम्हाला झालंय," ती म्हणाली आणि माझा हात धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी विषय वाढवला नाही. जाताना मात्र सांगितलं की दुकान इतक्यात मोडणार नाही.

त्यानंतर एक गोष्ट लक्षात आली आणि माझी झोप उडाली. शिंपल्याचं मिटणं कमी होत चाललं होतं. आधी पुरता बंद व्हायचा. मग अर्धा. मग नुसता झालरीचा काठ थरथरायचा. त्याला त्या सावलीची सवय होत होती. याचा अर्थ कुणीतरी खरंच रोज येत होतं. आणि याचा दुसरा अर्थ असा की सवय पुरी झाली की शिंपला उघडाच राहील आणि ती आली की नाही, हे मला कधीच कळणार नाही.

तो दिवस आला. दुपारभर मी बसून राहिलो, शिंपला हलला नाही. ती टाकीशी उभी असेल किंवा खोली रिकामी असेल, दोन्ही सारखंच दिसत होतं. तिच्या मरणाच्या दिवशी मी रडलो नव्हतो, माणसं होती, कामं होती. त्या दुपारी रडलो.

संध्याकाळी मी खलाशाला फोन केला. हा आम्हाला माल पुरवतो. बोटीत बसला की उलट्या करतो, पण टोपी मात्र कायम खलाशाची.

"एक शिंपला पाठव," मी म्हटलं. "नवा. माणसाचा हात न लागलेला. जितका बुजरा, तितका बरा."

"लोक माणसाळलेला मागतात, तुम्हाला बुजरा हवा?"

"हवा."

शिंपला आला. पिशवीतल्या पाण्यात बारीक नळीने आमच्या टाकीचं पाणी थेंब थेंब सोडून त्याला सावकाश सवय करवली, मग दाराजवळ ठेवला. माझ्या शर्टाच्या बाहीलासुद्धा तो मिटत होता. मी खुर्चीत जाऊन बसलो. दुपारी हिचा शिंपला उघडाच राहिला आणि दाराजवळचा नवा पटकन मिटला.

मी एकटाच मोठ्याने हसलो.

मग मला सोसच लागला. दाराजवळ एक आहे, तर मधेही एक हवा, म्हणजे ती कुठवर येते ते कळेल. मग आणखी एक. दारापासून खुर्चीपर्यंत मी रांगच लावली. जे सरावले ते विकून टाकायचो आणि त्यांच्या जागी नवे बुजरे मागवायचो. गिऱ्हाइकं खूश होती. तुमचे शिंपले किती शांत, आमच्या पोरांनी हात फिरवला तरी मिटत नाहीत, असं सांगायची. कुणाच्या हाताने ते शांत झाले, हे मी कुणाला सांगितलं नाही. खलाशी एकदा म्हणाला, "काका, धंदा करताय की पहारा?" मी पुढची मागणी सांगितली.

आता ती येताना मला दिसायची. दाराजवळचा मिटायचा, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. सावकाश. ती अशीच चालायची, टाकीच्या कडेला हात लावत, प्रत्येकाशी थांबत. हिच्या शिंपल्यापाशी खंड पडायचा, तो उघडाच असायचा आणि तिथे बराच वेळ जायचा. मग पुढचा मिटायचा. खुर्चीपर्यंत मात्र ती यायची नाही. शेवटच्या दोघांना तिने कधी हात लावला नाही. तिथूनच परत फिरायची आणि दाराकडचे शिंपले उलट्या क्रमाने मिटत जायचे.

मला वाटायचं, एवढ्या लांब येते, तर आणखी थोडं का येत नाही. मी तिला हाक मारली नाही. हाक मारून ती यायची थांबली असती तर मी काय करणार होतो?

मग एका दुपारी त्या दोघांतला दाराकडचा मिटला. आणि त्यानंतर शेवटचा, माझ्या गुडघ्याजवळचा.

मी तिच्या परतीची वाट पाहिली. बाकीचे सगळे एकेक करून उघडले, पण दाराच्या दिशेने पुन्हा एकही मिटला नाही. शेवटचा मिटलेलाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मिटलेलाच होता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मी पाणी तपासलं, दिवा तपासला. दाराजवळच्या शिंपल्यांना आता कुणी मिटवत नव्हतं. येणं-जाणं थांबलं होतं. ती आली होती आणि गेली नव्हती.

पहिले काही दिवस मी सुखात होतो. जेवण खाली आणून खुर्चीतच जेवायचो. दिवसभरातलं सगळं तिला सांगायचो. खलाशाची टोपी वाऱ्याने उडाली तेही सांगितलं. उत्तर येत नसे, पण बाजूला कुणी आहे हे अंगाला कळतं.

पण तो शेवटचा शिंपला खंगत चालला. फटीतून दिसणारा झालरीचा काठ आधी फिका झाला, मग पांढरट. उजेड मिळत नव्हता त्याला. लेकीने फोनवर ऐकलं आणि म्हणाली, "मेलाय तो बाबा. काढून टाका, नाहीतर सगळं पाणी नासेल." मेला नव्हता. बोट लावलं की आतून घट्ट ओढून धरायचा. भ्यायलेला होता.

त्याला उचलून दुसरीकडे ठेवणं सोपं होतं. पण मग ती तिथे आहे हे मला कशावरून कळलं असतं? मी आणखी एक दिवस काढला. काठ आणखी पांढरा झाला. तिने स्वतः एवढीशी पिल्लं हातावर वाढवली होती, आणि मी तिच्यासाठी एक मारायला निघालो होतो.

दुपारी खुर्चीत बसलो. वरचा दिवा टाकीवर पडत होता, थोडा माझ्या गुडघ्यांवर.

"अगं," मी म्हटलं. पुन्हा म्हटलं. "अगं, उजेडात उभी आहेस. त्याला मिळत नाही. जरा इकडे सरक."

पंप घरघरत होता.

शिंपेची फट रुंदावली. फिकी झालर आधी बोटभर बाहेर आली, थांबली, मग सावकाश पुरी पसरली.

माझ्या गुडघ्यांवरचा उजेड गेला.

मी वर पाहिलं. दिवा चालू होता.