पिवळा गडी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी ट्रकच्या चाकाजवळ जॅक लावत होतो. ती एवढंच म्हणाली, की संध्याकाळी ये आणि तो टीव्हीवरच्या गेमचा डबा घरातून घेऊन जा. विक, फेक, काहीही कर, फक्त परत आणू नकोस. मी का म्हणून विचारलं नाही. आमच्या घरात विचार करायचं काम दादाचं होतं. मी आधी हो म्हणतो आणि विचार मग रस्त्यात करतो. त्यामुळेच दादा मला उड्या म्हणायचा, आणि मग सगळेच तसं म्हणायला लागले. वहिनी सोडून. ती मला भावोजीच म्हणते.

दादा लिफ्टचा मिस्त्री होता. हा डबा त्याला कामावरच मिळाला. एका इमारतीतले कोणीतरी घर सोडून जाताना तो जिन्यात टाकून गेले होते. दादाने तो घरी आणला, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून उघडला आणि आतली धूळ ब्रशने हळूहळू झाडली. मी तेव्हा त्यांच्याकडेच राहायचो. तो माझा दाढीचा ब्रश होता, हे मला दुसऱ्या दिवशी तोंडाला फेस लावल्यावर कळलं.

आत एकच गेम अडकलेला होता. तीन टोपीवाले गडी, लाल, निळा आणि पिवळा. वाटेत खड्डे, झुलते पूल, फिरणारी चाकं, आणि शेवटी एक दार. जितके गडी खेळायला बसलेत, तितके सगळे दारासमोर येऊन उभे राहिले तरच ते उघडायचं. दादाने रिमोटांना त्या-त्या रंगाची चिकटपट्टी गुंडाळली. लाल माझा. निळा पैलवानाचा. पैलवान म्हणजे दादाचा मुलगा, फुंकर मारली तर उडेल असा, म्हणून पैलवान. पिवळा दादाचा.

चौथ्या रिमोटची वायर उंदराने कुरतडलेली होती. तो मुंगीला दिला. दादाची ही धाकटी तेव्हा नुकती चालायला लागली होती. आमची लिंबूटिंबू. लहान मुलांच्या खेळात असतो ना एक जण, बरोबर पळायचं, ओरडायचं, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि तो आउटही होत नाही. तशी. ती त्या मेलेल्या रिमोटचं बटण दाबायची आणि दादा मागे बसून, तिच्या अंगठ्याकडे तिरका बघत, त्याच क्षणी पिवळ्याला उडी मारायला लावायचा. पिवळा आपणच चालवतो याची मुंगीला पक्की खात्री होती. तिला कोणी खरं सांगितलं नाही. पैलवानाने एकदा तोंड उघडलं होतं, तर वहिनीने त्यात लाडू कोंबावा तशी पोळीची गुंडाळी कोंबली.

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत बाजूला बसायची. म्हणायची, दिवसभर लोकांना वरखाली करता आणि घरी येऊन परत तेच. पण माझा गडी पुलावर पोचला की तिच्या हातातली घडी थांबायची, कारण मी पडणार हे तिला माहीत असायचं. मी पडायचोच. दादा न बघता म्हणायचा, "उड्या, खड्डा पळून जातोय का?"

दारापाशी नेहमी पिवळा पहिला. तिथे उभं राहून आमची वाट बघत दादा त्याला जागच्या जागी दोन उड्या मारायला लावायचा. टुणूक, टुणूक. थोडं थांबून परत. "सगळे आल्याशिवाय दार उघडत नाही," म्हणायचा. पुढेपुढे आम्ही कुठे बाहेर निघालो तरी हा बूट घालून उंबऱ्यात उभा, आणि वहिनीची वेणी संपेपर्यंत दोन-दोन उड्या. एवढा मोठा माणूस. खालच्या घरातली म्हातारी झाडूच्या दांड्याने छत ठोकायची.

मग एका इमारतीत दादा लिफ्टच्या खड्ड्यात पडला. कोणी म्हणतं वर कोणीतरी बटण दाबलं, कोणी म्हणतं दार उघडं राहिलं होतं. मला त्याचं काही करायचं नाही. जो माणूस त्या गेममध्ये आयुष्यात कधी खड्ड्यात पडला नाही, तो पडला.

तर वहिनीचा फोन आला त्या संध्याकाळी मी गेलो. आभाळ भरून आलं होतं, दिवे लावावेत की नाही असा उजेड होता. वहिनी मला दारातच भेटली आणि हळू आवाजात बोलायला लागली. मुंगी जेवत नव्हती. सारखी टीव्हीसमोर, हातात तो कुरतडलेला रिमोट. म्हणते बाबा खेळतायत. पैलवान खोलीत जायला घाबरतो.

"तुम्ही बघितलं का काही?" मी विचारलं.

"मी बघत नाही. मला बघायचंच नाही." तिने दार अर्धं ओढून घेतलं. "काल ती चपला घालून टीव्हीसमोर बसली होती, भावोजी. कुठे निघालीस विचारलं, तर म्हणते... बाबा दारापाशी थांबलेत."

मी म्हटलं, आत्ता नेतो डबा. आणि खरंच नेणार होतो. पण आत गेलो, आणि चटई तीच, तिचा फाटका कोपरा तोच. खोलीत अगदी हलका ग्रीसचा वास होता, दादाच्या हातांचा, साबणाने कितीही धुतले तरी न जाणारा. वहिनीने त्याचे कामाचे कपडे कधीच देऊन टाकले होते. मी खाली बसलो. माझ्या हाताने आपणच लाल रिमोट उचलला.

"एकच डाव," मी म्हणालो. "मग नेतो."

वहिनी नको म्हणत होती, पण तोवर मी डबा चालू केला होता. पैलवानाला हाक मारली. तो भिंतीला घासत आला आणि निळा घेऊन माझ्या मांडीला मांडी लावून बसला. पिवळा रिमोट वर फळीवर होता, वायर गुंडाळून रबर लावलेला. मी नीट बघितला. डब्याला दोनच रिमोट जोडलेले होते. दोन जोडले की दोनच गडी येतात.

तीन आले.

मुंगीने बटण दाबलं. पिवळ्याने उडी मारली.

मी घाबरलो असं तुम्हाला वाटेल. नाही घाबरलो. मी हसलो की रडलो तेच मला कळलं नाही. कारण मुंगीचा अंगठा स्थिर असतानाही पिवळा चालत होता, आणि ती चाल मला ठाऊक होती. खड्ड्याच्या काठावर जरा थांबायचं, अर्धं पाऊल मागे, मग उडी. चाकापाशी पैलवानाला आधी जाऊ द्यायचं. मी पुलावर नेहमीसारखा घाई करून पडलो आणि परत उठलो, तेव्हा पिवळा मागे फिरून माझ्यासाठी उभा होता. मी त्याला कायकाय सांगत होतो. गॅरेजच्या शेठने मला ट्रकच्या चाकांच्या कामावर घेतलं, तुझी सायकल मी वापरतो, ब्रेक अजून लागत नाही. पैलवानही हळूच बोलायला लागला होता, वर्गात कोणाशी मारामारी झाली ते. बाहेर अंधारत होतं आणि कोणीच दिवा लावत नव्हतं. तेवढा वेळ आम्ही सगळे घरात होतो.

मग एका रुंद खड्ड्यात पिवळा पडला. मी पहिल्यांदाच त्याला पडताना बघितलं. खूप खाली गेला, दिसेनासा झाला. आणि पलीकडच्या काठावर उभा राहिला, जसा काही पडलाच नव्हता.

"त्याचा एक जीव गेला पाहिजे," पैलवान पुटपुटला. "काका, आकडा कमी नाही झाला..."

"बाबा आता लिंबूटिंबू आहेत," मुंगी शांतपणे म्हणाली. "ते आउट नाही होत."

तेव्हा मात्र मी घाबरलो.

पुढे शेवटचं दार आलं. पिवळा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. टुणूक, टुणूक. टीव्हीचा आवाज बंद होता, तरी तो आवाज खोलीत येत होता. ग्रीसचा वास इतका दाट झाला, की जिभेवर चव लागली. पैलवानाने माझी बाही धरली.

"काका... मी बटण सोडलंय. निळा ऐकत नाहीये..."

निळा आपणच चालत दारापाशी गेला आणि पिवळ्याच्या शेजारी उभा राहिला. पैलवानाची पकड सैल झाली. तो पडद्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरची भीती कोणीतरी पुसल्यासारखी गेली होती. मुंगी उठली. तिच्या पायांत चपला होत्या, कधी घातल्या कोण जाणे. तिने टीव्हीच्या काचेवर दोन्ही हात ठेवले.

"सगळे आल्याशिवाय दार उघडत नाही, काका. ये ना..."

आता माझाच गडी राहिला होता. एक उडी. त्या पलीकडे माझा भाऊ होता. मला तो हवा होता, देवाशप्पथ, इतका की अंगठा बटणावर दाबत आला होता. आयुष्यात मी कुठल्या खड्ड्याआधी थांबलेलो नाही.

मागून वहिनीचा आवाज आला. तिने बघणार नाही म्हटलं होतं, पण ती उंबऱ्यात उभी राहून बघत होती.

"उड्या," ती म्हणाली. "पोरं..."

त्या एका हाकेने मी थांबलो. रिमोट खाली ठेवला. पिवळा माझ्याकडे तोंड करून उभा होता. उडी मारत नव्हता, नुसता उभा. काहीतरी बोलायला हवं होतं. घरातून निघताना माणूस जे बोलतो तेच माझ्या तोंडात आलं.

"येतो, दादा."

आणि मी प्लग उपटला.

पोरं खूप रडली. वहिनीने दोघांना पोटाशी घेतलं, दिवा लावला, मुंगीच्या पायांतल्या चपला काढून बाहेर ठेवल्या. मग बऱ्याच वेळाने मुंगी म्हणाली, भूक लागली. वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि ती पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. मी डबा आणि चारही रिमोट पिशवीत भरले.

निघताना वहिनीलाही म्हणालो, येतो. मुंगी घास चावत दारात आली होती.

"काका, तू जातोयस ना?"

"हो."

"मग बाबांना 'येतो' असं का म्हणालास?"

आमच्यात निघताना जातो म्हणत नाहीत. लहानपणी मी एकदा म्हटलं, तर आईने टाळूवर चापट मारली होती. दादाही कामावर निघताना रोज येतो म्हणायचा. त्या दिवशीही म्हणाला असेल. हे मी मुंगीला काय सांगणार?

"तसं म्हणतात गं," मी म्हणालो.

तिने घास गिळला. "मग आता ते तुझ्यासाठीच थांबतील," म्हणाली, आणि आत गेली.

मुंगी आता नीट जेवते. पैलवान त्या खोलीत झोपतो. माझ्या खोलीत टीव्ही नाही, डबा माळ्यावर आहे, पिशवीला गाठ मारून. विकायला हात धजला नाही. तिन्हीसांजेला कामावरून येऊन कुलूप काढलं की वरून येतं. टुणूक, टुणूक. थोडं थांबून परत. सुरुवातीला मी लगेच बाहेर पडायचो. आता चहा ठेवतो, आणि मलाच बजावतो, खड्डा पळून जात नाही.

काल आलो, तर माळ्यावरून एक वायर खाली लोंबत होती. टोकाला माझा लाल रिमोट, चटईवर बसल्यावर हाताला येईल इतक्याच उंचीवर. मी त्याला शिवलो नाही. पण जवळ जाऊन बघितलं. अंगठा ठेवायच्या जागी ग्रीसचा डाग होता, आणि तो ओला होता.