शेवटचा हात

खिडक्यांना काळा कागद चिकटवायचं काम सकाळी सातलाच सुरू झालं होतं. कार्यक्रम दहाचा होता. संत तुकाराम नगरातल्या कामगार क्लबाचा वर्षाचा गाण्याचा कार्यक्रम नेहमी सकाळीच व्हायचा, कारण रात्रपाळीवाले तेव्हा अंघोळी उरकून मोकळे असत आणि दुसऱ्या पाळीच्या लोकांना दुपारी गेटवर पोहोचायचं असे. त्यामुळे भर उन्हात हॉलमध्ये अंधार करावा लागे. शिडीवर एकजण, खाली खळीची बादली धरून दुसरा. लहानपणापासून ती बादली इंदूने धरली होती, आणि शिडीवर आबा असत.

आबा जाऊन अकरा महिने झाले होते.

हॉलच्या मागच्या कोपऱ्यात, फळ्यांच्या आडोशामागे, आबांचं यंत्र होतं. तेलाचा चौकोनी डबा, त्यात मोठा दिवा, डब्यावर जाड काच, काचेच्या हातभर वर भिंग आणि आरसा. सगळं भंगारातून जमवलेलं. काचेवरच्या बशीत रंगीत पाणी आणि तेल घालून आबा ती ठेक्यावर हलवत, आणि समोर मंचावर, गाणाऱ्या गिरजाबाईंच्या मागच्या पांढऱ्या पडद्यावर निळे-तांबडे ढग फिरत.

पण लोक येत ते शेवटच्या गाण्यासाठी. तेव्हा बशी बाजूला जाई. एकेक कामगार आडोशामागे येऊन काचेवर उजवा हात टेकवी, पडद्यावर पुरुषभर उंचीचा काळा हात उमटे आणि अख्खा हॉल त्या हाताचं नाव घेई.

ओळखायला वेळ लागत नसे. पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर काम करणाऱ्यांचे हात एकसारखे राहत नाहीत. करंगळी नाही तो सोनबा. मधलं बोट अर्धं तो चिमाजी. "वजनात कमी भरतोय राव, बदलून घ्या," असं कुणीतरी ओरडे आणि हसू उसळे. दरवर्षी एखाद्या हाताचं नाव यायला जरा उशीर होई, कारण गेल्या वर्षी तो हात तसा नसे. तेवढा वेळ कुणी हसत नसे.

शेवटचा हात आबांचा. अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटं, पुढे काही नाही. हॉल "भिमाजी" म्हणून दणाणला की आबा पहिल्या बोटाने काचेवर दोनदा टकटक करत आणि दिवा मालवत. कार्यक्रम संपला, असा त्याचा अर्थ.

गेल्या साली, म्हणजे सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये, तोच हात कोपरापर्यंत प्रेसमध्ये गेला. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसच्या तोंडावर असते ती जाळी जागेवर नव्हती. चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं की जास्त माल काढायच्या नादात कामगाराने जाळी स्वतः काढली. खाली साक्षीदाराची सही होती सयाजीची. प्रेसची जुळणी करणारा सेटर, सोळा वर्षं आबांच्या डब्यातलं जेवलेला. आबा चौथ्या दिवशी गेले. जाण्याआधी इंदूला म्हणाले, "जाळी सयाजीनं काढली. साहेबानं सांगितलं म्हणून. विचार त्याला."

इंदू आकुर्डीच्या शाळेत शिकवत असे. कागदावर जे लिहिलं जातं तेच मागे राहतं, हे ती जाणून होती. आपल्या बापाला बेपर्वा ठरवून मागे राहिलेला कागद तिला बदलून हवा होता, आणि ते एकट्या सयाजीच्या हातात होतं. ती तीनदा त्याच्या घरी गेली. तिन्ही वेळा त्याची बायको दारातून म्हणाली, ते पाळीला गेलेत.

क्लबाचा चिटणीस रंगराव यादी घेऊन आला.

"ताई, शेवटचा हात यंदा सयाजीचा ठेवलाय. भिमाजींचा जिवलग. लोकांना बरं वाटेल."

"लोकांना," इंदू म्हणाली.

"बावीस वर्षं मशिनीवर आणि दहाच्या दहा बोटं शाबूत. नव्या लोकांपुढे काहीतरी चांगलं नको का?"

तिने मान हलवली. यंत्र चालवायला ती कबूल झाली होती ते यासाठीच. आडोशामागे सयाजीला तिच्यासमोर यावंच लागणार होतं.

तिने यंत्रावरचं पोतं काढलं. वर्षाची धूळ तिच्या नाकात गेली. काचेवर मात्र धूळ नव्हती. तिने तळवा टेकवला. काच कोमट होती, आताच दिवा मालवल्यासारखी. दिव्याची वायर अजून तिच्याच पिशवीत होती. उन्हाने तापली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. खिडक्यांवर कागद लागून तास झाला होता.

दहा वाजता हॉल भरला. विडीचा आणि खोबरेल तेलाचा वास, पंख्यांची घरघर. गिरजाबाईंनी आठ गाणी म्हटली, इंदूने आठही गाण्यांना रंग हलवले. मग तिने बशी उचलली.

सोनबाचा हात आला. हॉलने नाव घेतलं. सोनबाने हात काढला, आणि पडद्यावरचा हात त्यानंतर क्षणभराने गेला. इंदूने डोळे चोळले. उजेडाकडे फार वेळ पाहिलं की असं होतं, हे ती मुलांना शाळेत शिकवत असे.

चिमाजीच्या वेळी सावली आणखी उशिरा गेली. चिमाजी आडोशाबाहेर पडून बाकावर टेकला, तोवर त्याचा हात पडद्यावरच होता. समोर कुणीतरी हसलं. "हात इसरून आला जनू."

मग सयाजी आला. इस्त्रीचा सदरा, कपाळाला बुक्का. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"काका, कागदावर सही केलीत ते खरं आहे?"

"गाणं चाललंय, इंदे."

"तीनदा घरी येऊन गेले मी."

"ठाव हाय मला." तो काचेकडे बघत राहिला. "आतच हुतो."

त्याने हात टेकवला. पाचही बोटं फाकलेली, बोटांच्या कडा दिव्याने लाल झालेल्या. इंदू ती बोटं बघत होती.

हॉलने नाव घेतलं.

"भिमाजी."

सवयीने, एका आवाजात. मग पंख्यांची घरघर ऐकू येऊ लागली. तबला थांबला होता. गिरजाबाई वळून पडद्याकडे बघत होत्या.

अंगठा. दोन बोटं. पुढे काही नाही.

"खोडी करू नगंस, बाय," सयाजी हळू म्हणाला.

"मी कशाला हात लावलेला नाही."

त्याने आपला हात उचलला. छातीशी धरला.

पडद्यावरचा हात तसाच होता.

त्याचं पहिलं बोट वर उचललं गेलं आणि खाली आलं. टक. आवाज काचेखालच्या डब्यातून आला.

इंदू दुसऱ्या आवाजाची वाट बघत राहिली. हॉलही. बोट वर उचललेलं होतं आणि खाली येत नव्हतं.

सयाजीचा श्वास तिला ऐकू येत होता. मग तो बोलला, पार मंचापर्यंत जाईल एवढ्या आवाजात.

"जाळी म्या काढली. साहेबानं सांगितलं, म्या काढली. भिमाजीनं न्हाई."

टक.

दिवा गेला.

कुणीतरी खिडकीवरचा कागद फाडला. ऊन आत आलं. माणसं डोळे मिचकावत उभी राहिली आणि आपापले डबे शोधू लागली.

"दिवा उडाला," रंगराव मंचावरून म्हणाला. "कार्यक्रम संपला. दुसऱ्या पाळीच्यांनी निघावं."

इंदू दारापाशी गेली. "सोनबाभाऊ, ऐकलंत ना?"

"काय, ताई?" सोनबा चपला शोधत होता. "तबल्यात काय ऐकू येतंय."

"तबला बंद होता."

"आसंल. मी पार पुढं हुतो."

तिने चौघांना विचारलं. चौघेही पुढे होते.

सयाजी फळ्यांना टेकून उभा होता, उजवा हात काखेत दाबून. इंदूने वहीचं पान आणि पेन पुढे केलं.

"आत्ता बोललात तेवढंच लिहा, काका. दोन ओळी."

त्याने डाव्या हाताने कागद परत तिच्याकडे सारला.

"अंधारात बोललो ते तुज्या बापाशी बोललो," तो म्हणाला. "उजेडात मला पोरं हायती, इंदे." आणि गर्दीबरोबर बाहेर पडला.

हॉल रिकामा झाला. इंदूने कोरं पान घडी करून पिशवीत ठेवलं, वायर गुंडाळली. मग आबा पुसत तशी काच पुसायला फडकं घेतलं.

काचेवर घामट हाताचा ठसा होता. अंगठा आणि दोन बोटं. तिने फडकं फिरवलं. ठसा गेला नाही. फडकं ओलं करून, जोर लावून पुन्हा पुसलं. तो तसाच राहिला, रेषांसकट.

तिने कोपऱ्यांतले चार स्क्रू काढले आणि काच उचलून खिडकीच्या उजेडात धरली.

ठसा खालच्या बाजूला होता, दिव्याकडच्या. आणि अजून ओला होता.