उजवं मागचं चाक

सरावाच्या पहिल्याच फेरीत माझी कार्ट कठड्यावर आदळली आणि मागच्या चाकांचा दांडा, अ‍ॅक्सल, वाकला. ती बुटकी, उघडी गाडी ढकलत मी ट्रॅकबाहेर आणत होते. कुंपणाला टेकून एक मुलगा उकडलेल्या शेंगा खात उभा होता.

"वाकला नसता तरी हरलीच असतीस," तो म्हणाला.

"तुला विचारलंय कुणी?"

"नाही. पण आज माती ओली आहे, टायरला चिकटतेय. असल्या मातीवर एवढा कडक अ‍ॅक्सल... वळणावर बेडकासारखी उडत होतीस."

"मी की गाडी?"

"दोघीही."

मी काही बोलायच्या आत तो आपल्या पिकअपकडे गेला. मागे पोकळ पोलादी नळ्या रचलेल्या होत्या. त्यातली एक घेऊन आला.

"हा अ‍ॅक्सल नरम आहे. तुझ्या गाडीला स्प्रिंग नाहीत, ट्रेसी. अ‍ॅक्सल लवतो, तेवढीच हिची कंबर."

"माझं नाव कुणी सांगितलं?"

"हेल्मेटवर लिहिलंय की."

त्या दिवशीच्या शर्यतीत मी चौथी आले. त्याचं नाव कॉय ब्रॅनन. पुढच्या शनिवारी मी उगाचच लवकर पोचले... आणि तो माझ्याही आधी आलेला.

मग जॉर्जियाच्या त्या लाल मातीवर आमचे सगळे शनिवार एकत्र जायला लागले. तो वाकून मूठभर माती उचलायचा, दाबायचा. गोळा झाला तर नरम अ‍ॅक्सल, भुगा झाला तर कडक. मी नुसती त्याच्या मानेवरची धूळ बघत बसायचे.

"आज घसरणार," एकदा तो म्हणाला. "उजवं मागचं चाक थोडं आत घेऊ. जवळ घेतलं की पकड येते."

"चाकाबद्दलच बोलतोयस ना?"

त्याचे कान लाल झाले. पाना हातातून पडला. हल्ली पाना बऱ्याचदा पडायचा. "शेंगांचं तेल," तो म्हणायचा, आणि मी हसायचे.

मोसमातली शेवटची शर्यत. माती वाळून काचेसारखी झालेली. कॉयनं कडक अ‍ॅक्सल घातला, उजवं चाक आत सरकवलं, बोल्ट आवळले. "जिंकलीस तर एक विचारायचंय," तो हळूच म्हणाला.

"आत्ता विचार."

"आत्ता नको..."

मी पहिली होते. शेवटच्या वळणावर माझं उजवं मागचं चाक मलाच मागे टाकून पुढे पळालं. मग आकाश खाली आणि माती वर.

गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी कॉय हॉस्पिटलात आला आणि दारातच थांबला.

"त्या चाकाचा बोल्ट मीच आवळला होता. म्हणजे... मला वाटलं, आवळलाय."

"होतं रे. ये ना आत."

त्यानं हात पुढे केले. बोटं आपोआप हलत होती. त्यानं थांबवायचा प्रयत्न केला तरी ती थांबेनात.

"आईचं असंच सुरू झालं होतं. आधी बोटं. मग चालणं, मग बोलणं. शेवटी तिला मी कोण तेही कळत नव्हतं. गेल्या हिवाळ्यात मी रक्त तपासून घेतलं. तोच आजार माझ्यातही आहे."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू माझ्याकडे अशी बघत राहिली असतीस."

"कशी?"

"आत्ता बघतेयस तशी."

मी उशीत तोंड खुपसलं. मग म्हणाले, "जे विचारणार होतास, त्याचं उत्तर हो आहे."

"मी आता विचारणार नाही." तो भिंतीकडे बघत होता. "डॅडी आईला घास भरवायचे. खूप प्रेम होतं त्यांचं. तरी एकदा मी त्यांना मागच्या अंगणात गुडघ्यावर बसलेलं पाहिलं. ती लवकर जावी म्हणून देवाला विनवत होते. तुझ्यावर ती वेळ मी आणणार नाही."

तो गेला. माझे फोन त्यानं घेतले नाहीत.

हाड सांधल्यावर मी त्याच्या घरी गेले. दार त्याच्या डॅडींनी उघडलं आणि ते बाहेर आले.

"तो भेटायचा नाही, पोरी."

"मग मी इथं बसते."

त्यांनी मला गोड चहाचा गार ग्लास आणून दिला आणि ते शेजाऱ्याकडे निघून गेले. मी पायरीवर बसून राहिले. बऱ्याच वेळानं दारामागून आवाज आला.

"ट्रेसी, जा घरी."

"जाते. एकदाच म्हण, मी तुला आवडत नाही."

आत काही हललं. दाराला पाठ लावून कुणी खाली बसावं, तसं.

"ते नाही म्हणता येणार," तो म्हणाला. शब्द थोडे अडखळत होते. "फार आवडतेस. म्हणून तर... जा."

मीही सरकून दाराला पाठ लावली. आमच्यामध्ये तेवढी एक फळी. उन्हं उतरली. दाराखालच्या फटीत दिव्याचा उजेड होता, त्यात त्याची सावली दिसत होती.

मग आतला दिवा मालवला गेला. तो तिथंच बसलाय की उठून गेला, ते मला कळलं नाही.