पालीपर्यंत पोचली

गहिनीनाथला बीडच्या दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा त्यानं आधी म्हैस ओळखली. मग गोठ्याचं मोडकं फाटक ओळखलं. दूध संघाचा टेम्पो चालवणारा सुग्रीव दिसताच, "काय बे, ढकलत आणलास का?" म्हणून त्याची टरही उडवली. फक्त बायकोला ओळखलं नाही.

"मेंदूला सूज आली होती," डॉक्टर म्हणाले होते. "जीव वाचला हेच नशीब. बाकीचं येईल हळूहळू."

एकवीस दिवस केसरबाईनं त्याच्या उशाशी काढले होते. आता तो तिच्याशी परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं बोलत होता.

"बाई, तुमी लई केलं माझं. पर माझी केसर कुठं राहिली?"

"अवो, मीच केसर." तिनं मनगट पुढे केलं. लग्नाच्या वर्षी तव्यानं पोळल्याचा लांबट डाग होता त्यावर. "ह्यो बघा. तुमीच कोरफड लावलती."

त्यानं डाग नीट निरखला. "तिच्या बी हातावर असाच हाय," तो म्हणाला. "वार्डातनं पानी आनाया गेलती. आली न्हाई. पायी निघाली आसंल."

त्या दिवशी केसरबाई चुलीपाशी बसून पोटभर रडली.

पाऊस नसल्याचं ते दुसरं वर्ष. ऊसच नव्हता, म्हणून सहकारी कारखान्याचा भोंगा बंद पडला होता. गल्लीतली निम्मी घरं कुलपात. बोलायला एक नवरा तेवढा होता, तोही दिवसभर दाराकडे डोळे लावून तिचीच वाट बघायचा, आणि ती समोर बसलेली असायची. याचं गाऱ्हाणं कुणाकडे न्यायचं?

सोमवारी तो म्हणाला, "बीड सोडून पाली गावापर्यंत पोचली. चपलीचा अंगठा तुटलाय तिच्या. आनवानी चालतीय."

केसरबाईचा भाकरी थापणारा हात थांबला. दवाखान्याच्या नळावर तिच्या चपलीचा अंगठा तुटला होता खरा. चपला तिथंच टाकून ती अनवाणी वॉर्डात आली होती. गहिनीनाथ तेव्हा बेशुद्ध होता, आणि तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

बुधवारी तो म्हणाला, "घाट चढली."

गुरुवारी सकाळी सुग्रीव दूध न्यायला आला तो तोंड फुगवूनच. "वहिनी, काल लिंबागणेशच्या वाटंला किती हाका मारल्या! एवढ्या उनाचं आनवानी निघालात, टेम्पोत बसा म्हनलं, तर मान सुदीक वळवली न्हाई."

"मी काल घरीच होते, भावजी."

सुग्रीव हसला. मग तिच्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला.

शुक्रवारी दुपारी टँकर आला. सकाळीच रांगेत लावून ठेवलेली तिची घागर जागेवर नव्हती. शेजारची सत्यभामा म्हणाली, "आता गं काय? आत्ताच तर भरून नेलीस. बोलली बी न्हाईस माझ्यासंग."

केसरबाई रिकाम्या हातानं माघारी वळली.

घराजवळ येताच आतून हसणं ऐकू आलं. गहिनीनाथचं. दवाखान्यातून आल्यापासून तो असा एकदाही हसला नव्हता. ओळख परत आली! तिच्या मनात एवढंच आलं, आणि ती पळत सुटली.

उंबऱ्याशी तिचा पाय अडला.

"कोन हाय भाईर?" आतून बाईमाणसानं विचारलं.

तो आवाज केसरबाईला चांगला माहीत होता.

"दवाखान्यातल्या बाई हायत," गहिनीनाथ म्हणाला. "लई केलं त्यांनी माझं. उनातनं आल्यात. पानी दे त्यांना, केसर."

आतल्या अंधारातून तांब्या पुढे आला. तो धरलेल्या मनगटावर लांबट डाग होता.

हे माझं घर आहे, असं तिला म्हणायचं होतं. पण वाटेवरचं माणूस धरतं तशी तिनं उंबऱ्याबाहेरूनच ओंजळ धरली.

पाणी गार होतं.