पिशवी उघडणं कोणाचं काम?

व्यवस्थापन विभागाचे प्रमुख येताना कधी ऐकू येत नसत. आल्यावरच ऐकू येत. पायात मऊ बूट, हातात काठी आणि चाल मांजराची. पण त्या सकाळी व्हरांड्याच्या पार टोकापासून काठीची ठकठक सुरू झाली आणि ‘निर्णयशास्त्र’ शिकवणाऱ्या प्राध्यापकांना शब्दकोडं खणात सारून ताठ बसायला भरपूर वेळ मिळाला. साहेब आज संतापलेले आहेत, म्हणून काठी आपटताहेत, असं अनुमान त्यांनी काढलं. ते निम्मं बरोबर होतं.

समोर त्यांची थोरली बहीण बसली होती. ही ताई खासगी तपासनीस. विमा कंपन्यांसाठी ती जळालेली दुकानं आणि न जळालेले दुकानदार तपासायची. आज आली होती ती फक्त भावाचा घरी विसरलेला डबा द्यायला. प्राध्यापकांनी पन्नाशी गाठली होती, पण ताईच्या लेखी ते अजून ‘बाळ’च होते.

“तुमच्या तिसऱ्या वर्षानं विद्यापीठाचं नाक कापलं,” विभागप्रमुख दारातूनच म्हणाले. “नमुना चोरीला गेला.”

ताईला सगळं समजावून सांगावं लागलं. पदवीच्या शेवटच्या वर्षी प्रत्येक गटानं एक लुटुपुटीची कंपनी काढायची, एक खरी वस्तू बनवायची आणि बाहेरच्या पाहुण्यांपुढे ती सादर करायची, असा तिथला नियम. पोरं एकमेकांना हुद्द्यांनीच हाका मारत. एकाची आई तर घरातही “एमडी, कचरा टाकून ये” म्हणायला लागली होती. या गटात चौघं: एमडी, मार्केटिंग, प्रॉडक्शन आणि एचआर. त्यांनी बनवली होती बसायची काठी. दिसायला साधी, पण मुठीखालचं पितळी कडं फिरवलं की खाली तीन पाय फाकायचे, वर छोटी बैठक उघडायची. रांगेत उभं राहून गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांसाठी. आज दुपारी पाहुण्या येणार होत्या. स्वतःचा कारखाना चालवून निवृत्त झालेल्या वयस्कर बाई. भर सभागृहात त्या काठीवर बसणार, असा कार्यक्रम होता.

आणि सकाळी कपाटातून पिशवी काढून कडं फिरवलं, तर ते फिरेचना. पिशवीत दुसरीच काठी.

“हुबेहूब बनावट,” विभागप्रमुख म्हणाले. “म्हणजे कट जुना आहे. कपाट फोडलेलं नाही. किल्ली एकच आणि ती एचआरकडे. तिचं नाव कमी करण्याचा कागद मी तयार ठेवलाय. सादरीकरण आटोपलं की कुलसचिवांकडे जाईल.” मग खांदा चोळत ते पुटपुटले, “त्यात हा खांदा कालपासून भरून आलाय.”

त्यांच्यामागे एक मुलगी उभी होती. रडत नव्हती, रडून झालं होतं.

“सर, मी नाही हो केलं,” एचआर म्हणाली. “तीन वर्षं वाया जातील माझी.”

“किल्ली कुठं होती?” ताईनं विचारलं.

“गळ्यात. आंघोळीलासुद्धा काढली नाही.”

“म्हणजे चोर तूच असशील, तर फारच गबाळी चोर आहेस,” ताई म्हणाली. “आणि गबाळ्या माणसाच्या गळ्यात किल्ली राहत नाही. बाळ, डबा नंतर खा.”

विभागप्रमुखांनी सादरीकरणापर्यंत मुदत दिली आणि ते ठकठकत गेले.

गटाच्या खोलीत भिंतभर तक्ते होते. सर्वांत मोठ्या तक्त्यावर चार चौकोन, चार हुद्दे आणि बाणच बाण. खाली प्राध्यापकांचा शेरा, ‘उत्तम श्रमविभागणी’. ताई त्याच्यापुढे बराच वेळ उभी राहिली. भावाला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

“यात काही राहून गेलंय का रे?” ती म्हणाली.

“राहील कसं? बाण बघ ना किती आहेत.”

मग तिनं ती बनावट काठी हातात तोलली, उलटी केली. बुडाला रबरी टोपी होती, जुन्या खोडरबरासारखी एका अंगानं झिजलेली. प्राध्यापकांनी माल हलका असल्याचं मत नोंदवलं.

“तुमच्या काठीलाही रबर होतं?” ताईनं एचआरला विचारलं.

“नाही. खाली लोखंडी टोपण आहे. तिथूनच पाय फाकतात, म्हणून रबर बसत नाही.”

“बरं. काल कुलूप लावताना पिशवीत डोकावलीस?”

“पिशवी भरणं प्रॉडक्शनकडे,” एचआर म्हणाली. “माझ्याकडे फक्त कुलूप.”

एमडी टाय बांधून आला आणि उत्तरं देण्याऐवजी निवेदन करू लागला. आपण रोजच्या कामात लुडबुड करत नाही, माणसं नेमतो आणि विश्वास टाकतो. एचआरवरही आपला पूर्ण विश्वास होता. ‘होता’ हा शब्द त्यानं जरा हळहळून उच्चारला. पिशवी उघडून पाहिली होती का, तर तो विषय आपल्या पातळीचा नव्हे. सगळी कंपनी त्यानं अशी चालवली होती, की जहाज बुडालं तरी कप्तानाचे मोजे ओले होऊ नयेत.

“काठीवर माणूस नीट बसतो ना पण?” ताईनं सहज विचारलं.

“पाहुण्याबाई सडपातळ आहेत,” एमडी म्हणाला.

ताईनं मान डोलावली आणि पुढच्याला बोलावलं.

मार्केटिंगला गप्प बसवायलाच जास्त कष्ट पडले. नमुना विभागप्रमुखांच्या काठीवरून बेतायचा, तीच मूठ, तेच कडं, तोच रंग, ही कल्पना त्याची. साहेब खूश झाले की निम्मी लढाई जिंकली, हा त्याचा सिद्धांत. काल दुपारी साहेबांच्याच खोलीत रंगीत तालीम झाली, साहेब हसलेसुद्धा. पण शेवटी ते उठले, तेव्हा कोपऱ्यातली काठी उचलून त्यांच्या हातात दिली ती प्रॉडक्शननं.

“लोणी मी आणलं मॅडम, लावलं त्यानं,” तो खंतावून म्हणाला.

प्रॉडक्शन सर्वांत शेवटी आला. अबोल, हातावर वार्निशचे डाग. खुर्चीवर बसण्याआधी त्यानं तळवा टेकवून ती दाबली, जराशी हलवली आणि मग हळूहळू अंग सोडलं. “एवढ्या लहान वयात मूळव्याध,” प्राध्यापक ताईच्या कानाशी हळहळले.

“मीच बनवलीय,” तो म्हणाला. “मी कशाला चोरीन?” सगळा वेळ त्याची नजर काचेपलीकडे बाकावर बसलेल्या एचआरकडे होती. तिच्यावर संशय आहे का, असं विचारल्यावर तो एकदम “नाही” म्हणाला. त्याच्या आवाजाला तेव्हाच काय तो जोर आला.

ताई मग विभागप्रमुखांकडे पाच मिनिटं गप्पा मारून आली. काल साहेबांनाही बसून बघायची लहर आली होती, पण ‘पहिला मान पाहुण्यांचा’ म्हणत प्रॉडक्शननं काठी मिटून घेतली. पोरावर संस्कार चांगले आहेत, असं साहेबांचं मत पडलं होतं.

तोवर प्राध्यापकांनी फळ्यावर चार पर्याय, प्रत्येकाचे फायदे-तोटे, असं सगळं मांडून ठेवलं होतं. निष्कर्ष तेवढा काढायचा राहिला होता.

“सगळ्यांना साहेबांच्या खोलीत बोलाव,” ताई म्हणाली. “ती पिशवीही आण.”

चौघं भिंतीशी उभे राहिले. विभागप्रमुख टेबलामागे, हातात काठी, पुढ्यात तो कागद.

“पहिली गोष्ट,” ताई म्हणाली. “पिशवीतली काठी बनावट नाही. बनावट वस्तू नवी असते. हिचं रबर एका अंगानं झिजलंय. ही काठी कोणाच्या तरी एकाच हातात वर्षानुवर्षं चाललीय. या विभागात काठी घेऊन चालतं कोण?”

सगळ्यांनी विभागप्रमुखांकडे पाहिलं. विभागप्रमुखांनी, सवयीनं, प्राध्यापकांकडे पाहिलं.

“साहेब, माझा भाऊ सांगतो की तुम्ही आलेले कधी ऐकू येत नाही. आज व्हरांडाभर ठकठक होती. त्याला वाटलं, राग. रागानं आवाज वाढेल हो, पण रबराचं लोखंड होत नाही. आणि तुमचा खांदा कालपासून भरलाय, कारण कालपासून तुम्ही तीन पाय आणि एक बैठक उचलून फिरताय. जरा देता?”

तिनं काठी घेतली, कडं फिरवलं. खटकन तीन पाय फाकले, बैठक उघडली.

“काखेत कळसा,” ताई म्हणाली. गावाला वळसा तिनं साहेबांच्या वयाकडे बघून गाळला.

“पण... माझ्या लक्षात कसं आलं नाही?” विभागप्रमुख म्हणाले.

“रोज हातात असतं ते माणूस बघत नाही. आता दुसरी गोष्ट. तुमची काठी तुमच्या हातातून सुटली कधी? तालमीच्या वेळी, फक्त तेव्हाच. उठताना ती हातात दिली कोणी आणि उरलेली पिशवीत भरली कोणी, हे मला तुमच्यातल्याच दोघांनी सांगितलं. चूक झाली म्हणावं, तर वजनात एवढा फरक, आणि ज्यानं ती घडवली त्याला तो कळणार नाही? आई जुळ्यांत चुकत नाही. कुलूप लागलं तेव्हा नमुना पिशवीत नव्हताच. किल्लीचा आणि या मुलीचा काही संबंध नाही.”

प्रॉडक्शनची मान खाली गेली.

“का केलं, तेही सांगते. धडधाकट पोरगा खुर्ची चाचपून बसतो, म्हणजे तो नुकताच कुठून तरी पडलाय. साहेबांना बसू देत नाही. आणि वस्तू भक्कम आहे का विचारलं, तर एमडी पाहुण्यांचं वजन सांगतो.” ताईनं उघडलेली काठी खोलीच्या मधोमध ठेवली. “एमडी, बस बरं हिच्यावर.”

एमडी हलला नाही. टायची गाठ तेवढी त्यानं सैल केली. तेवढ्यानं सगळ्यांना सगळं कळलं.

“काल तालमीआधी मी पहिल्यांदा बसलो,” शेवटी प्रॉडक्शन म्हणाला. “बिजागरी चिरली, पडलो. काठी म्हणून भक्कम आहे ती, बसायला नाही. मी एमडीला सांगितलं. हा म्हणाला, ‘सुधारणा पुढच्या टप्प्यात. बाई हलक्या आहेत, निभावेल.’ त्या वयात माणूस पडला तर उठत नाही, मॅडम. मला वाटलं, सकाळी साहेबांना अदलाबदल कळेल, सगळे हसतील, सादरीकरण पुढे जाईल.”

“पहिल्यांदा काल?” प्राध्यापक म्हणाले. “त्याआधी कोणीच बसून पाहिलं नव्हतं?”

प्राध्यापकांना तो तक्ता आठवला. चार चौकोन, इतके बाण, आणि बसून बघायचं काम एकाही चौकोनात नव्हतं. खाली त्यांची सही होती.

“एका बाईला पडण्यापासून वाचवलंस,” ताई प्रॉडक्शनला म्हणाली, “आणि मैत्रिणीला ढकललंस. सकाळपासून ती बाहेर बाकावर बसलीय, तू काचेतून बघतोयस. कधी सांगणार होतास?”

“सांगणारच होतो. पण साहेबांनी कागद काढला, आणि मग मीच घाबरलो.”

एचआर त्याच्याकडे वळली. “कालच मला सांगायचंस,” ती म्हणाली. “माणसांचं ऐकून घेणं एवढं एकच तर काम दिलंय मला.”

विभागप्रमुखांनी तो कागद उचलला आणि ‘प्रलंबित’ लिहिलेल्या फायलीत ठेवला. ताई उभीच राहिली. मग त्यांनी तो पुन्हा काढला आणि फाडला.

पाहुण्याबाई वेळेवर आल्या. मंचावर एमडीऐवजी एचआर उभी होती, बाजूला प्रॉडक्शन. बाईंनी काठी निरखली, कडं फिरवून बैठक उघडली आणि खूश होऊन विचारलं, “बसू का?”

“नको, मॅडम,” एचआर म्हणाली. “अजून नको. का नको, तेच आज आम्ही सांगणार आहोत. चिरलेली बिजागरी हा दाखवेल.”

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग त्या दुखऱ्या गुडघ्यांवर तशाच उभ्या राहिल्या, नाकावरचा चष्मा जरा खाली ओढला आणि म्हणाल्या, “दाखव.”

मागच्या रांगेत ताईशेजारी जागा रिकामी होती. प्राध्यापक तिथवर गेले, थांबले, आणि खुर्चीवर तळवा टेकवून ती दाबून पाहिली. मग बसले.

“मूळव्याध?” ताईनं विचारलं.

प्राध्यापक उत्तर देणार होते, पण पाठीमागून अगदी कानाशी कोणीतरी “शांतता राखा” म्हणालं. विभागप्रमुख केव्हा येऊन उभे राहिले होते, कोणालाच ऐकू आलं नव्हतं.