आकारामचा दम

कॉलेजचं नाव मुद्दाम देत नाही. ते आजही चालू आहे आणि त्या मैदानावर आजही पोरं खेळतात. बाकी सगळं जसं घडलं तसंच लिहितोय. त्या वेळी कोल्हापुरात ज्यांच्या घरी केबल होती, त्यांतल्या काहींनी हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय.

हे माझ्या मावसबहिणीच्या, निर्मलाच्या बाबतीत घडलं.

तारीख अठरा जानेवारी २००३. शनिवार.

रात्र नव्हती. दुपारचे साडेचार वाजले होते. लख्ख ऊन होतं.

निर्मला हुपरीची. घरात चांदीचं काम. तिचे वडील अप्पा आणि दोघं काका दिवसभर पैंजण घडवत बसायचे. त्या ठोकाठोकीत बोलायचं म्हणजे ओरडूनच, त्यामुळे तिचा आवाज लहानपणापासून खणखणीत. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला जिमखान्याच्या सरांनी तिच्या हातात माइक दिला. सामना असला की मैदानावरच्या कर्ण्यांतून तिचं समालोचन चालायचं, आणि रस्त्यानं जाणारे सायकली थांबवून कंपाउंडला टेकायचे.

"काय बोलती पोरगी! न बघता सामना दिसतोय की!"

तिला यातच पुढं जायचं होतं. म्हणून ती सरावालाही जायची. पायरीवर एकटी बसून, खेळ बघत, हळू आवाजात समालोचन करत राहायची.

ऑक्टोबरमधल्या अशाच एका सरावाला तिनं ते बघितलं.

कोडोलीचा आकाराम चढाईला गेला होता. सडपातळ पोरगा, घरी फक्त आई. त्याच्यासारखा दम कॉलेजात कुणाचा नव्हता. विद्यापीठाच्या संघात एकच जागा उरली होती. आकाराम, नाहीतर कॅप्टन सम्राट.

चौघांनी त्याला पाडलं. सम्राट त्याच्या मानेवर बसला आणि त्याचं तोंड मातीत दाबलं.

"दम मोड, मग सोडतो!"

आकाराम दम मोडेना. मातीतून घुसमटलेला आवाज येत राहिला... कबड्डी... कबड्डी... कबड्डी...

मग त्याचा तळवा जमिनीवर आपटला. सोडा, अशी खूण. एकदा. दोनदा. पुन्हा पुन्हा.

पोरं हसत होती.

मग तळवा थांबला.

निर्मला उठून उभी राहिली होती. पण तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. एवढा खणखणीत आवाज, आणि त्या वेळी कामाला आला नाही.

पोरांनी एका सुरात सांगितलं, की सरावात छातीत कळ आली आणि पोरगा कोसळला. कोडोलीची माणसं साधी. त्यांनी मान खाली घालून प्रेत नेलं.

दोन दिवसांनी सरांनी निर्मलाला बोलावलं आणि शोकसभेत वाचायचा कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, हृदयविकाराच्या तीव्र झटक्यानं.

"सर, मी तिथंच होतो," निर्मला म्हणाली. आमच्याकडं मुलीही असंच बोलतात. "मी सगळं बघितलंय."

सर खुर्चीत मागं रेलले. "जानेवारीत आंतरमहाविद्यालयीन फायनल आपल्या मैदानावर हाय. केबलवर थेट दाखवणार हायत. समालोचनाला कुणाचं नाव द्यायचं, ते माझ्या हातात हाय. सगळं कोल्हापूर तुझा आवाज ऐकंल, निर्मला."

तिनं कागद घेतला.

आणि वाचला. त्याच खणखणीत आवाजात.

तीन महिने गेले. अठरा जानेवारीला मैदान खचाखच भरलं. मांडवात टेबल, टेबलावर माइक, शेजारी केबलवाला केरबा आपल्या यंत्रांत डोकं घालून बसलेला. निर्मलानं कानाला हेडफोन लावले.

नाणेफेक अजून व्हायची होती. मैदानात अजून कुणी खेळाडू नव्हता.

तरी तिला ऐकू आलं...

कबड्डी... कबड्डी... कबड्डी...

अगदी हळू. तोंडात माती असल्यासारखं.

"केरबादादा, दुसरा माइक चालू हाय का कुठं?"

"एकच हाय ताई. तुमच्या म्होरला."

सामना सुरू झाला. ती बोलायला लागली. पहिली पाच मिनिटं ठीक गेली.

मग तिच्या लक्षात आलं, की हेडफोनमध्ये गर्दीचा आवाज येत नाही. समोर हजारभर माणसं ओरडत होती. कानात मात्र सामसूम. फक्त तो दम...

आणि त्या दमात कुठंही श्वास नव्हता.

जिवंत माणूस दम धरतो, तो मोडतो, पुन्हा श्वास घेतो. हा पाच मिनिटं झाली तरी एका सलग दमात चालला होता.

सम्राट चढाईला उठला. निर्मला माइकमध्ये म्हणाली, "चढाईला जातोय कॅप्टन सम्राट!"

कर्ण्यांतून तिचाच आवाज आला...

"चढाईला जातोय कोडोलीचा आकाराम!"

सम्राट मध्यरेषेवर थबकला. त्यानं वळून मांडवाकडं बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

सर पळत आले. "काय बडबडतीयास? डोकं फिरलंय काय तुझं?"

"मी न्हाई म्हणालो, सर. खरंच न्हाई!"

तिनं माइकचं बटण बंद केलं.

सम्राटनं मान झटकली आणि तो पुढं घुसला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी... एका गड्याला शिवला. परत फिरायला हवं होतं. तो फिरलाच नाही. समोरच्या संघाच्या बाजूला मधोमध उभा राहून तो दम घुमवत राहिला.

अर्धं मिनिट.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

एक मिनिट.

टाळ्या विरल्या. पंचांनी शिट्टी मारली. सम्राट थांबला नाही. त्याला थांबताच येत नव्हतं. डोळे बाहेर आले होते, मानेच्या शिरा ताठ फुगल्या होत्या, आणि ओठ आपोआप हलत होते. हातानं तो स्वतःचं तोंड दाबायला बघत होता.

समोरचे सातही गडी मागं सरकले. त्याला कुणी हात लावला नव्हता.

तरी तो पडला.

पालथा. मान कुणीतरी खाली रेटल्यासारखी. तोंड मातीत.

निर्मलाच्या कानातला दम थांबला. आज इतक्या वर्षांनीही ती पुढचं सांगताना दाराची कडी लागलीय का ते बघून येते.

हेडफोनमध्ये, अगदी जवळून, आकाराम बोलला...

"आता बोल."

मैदानात सम्राटचा तळवा जमिनीवर आपटला.

एकदा.

दोघातिघांनी धावत जाऊन त्याला उचलायचा प्रयत्न केला. तो जागचा हलेना. "आरं, कोण बसलंय ह्येच्यावर?" एक गडी किंचाळला.

दोनदा.

सरांनी माइकची वायर उपटून हातात धरली. "तोंड उघडायचं न्हाई तू," ते दात खाऊन म्हणाले. "एक शब्द न्हाई."

तीनदा.

निर्मला मला पुढचं बऱ्याच वर्षांनी बोलली. ती भीतीनं गप्प बसली नव्हती. तिला सम्राट दिसत होता, आणि त्याच्या जागी आकाराम दिसत होता. तिला वाटलं, आपटू दे. त्यालाही कळू दे.

चारदा. पाचदा.

तिनं ठोके मोजले. सातव्याला तळवा अर्धाच उठला.

मग ती उभी राहिली आणि ओरडली.

"आकारामला दाबून मारलंय! सम्राट त्याच्या मानेवर बसला होता. तो हात आपटत होता, तरी सोडलं न्हाई. सरांना सगळं ठाऊक हाय. शोकसभेत मी खोटं वाचलं. मी खोटं वाचलं!"

वायर सरांच्या हातात लोंबत होती.

तरी चारही कर्ण्यांतून शब्दन् शब्द मैदानभर गेला. शिवाजी पेठेत, हुपरीत, जिथं जिथं केबल लागली होती तिथं तिथं गेला. हुपरीत अप्पांनी हातातला पैंजण खाली ठेवला, असं मावशी सांगते.

सम्राटची मान सुटली. त्यानं श्वास ओढला... तो आवाज माणसाचा वाटत नव्हता.

उताणा केला तेव्हा त्याच्या तोंडातून ओंजळभर माती निघाली.

तो मेला नाही. पण त्या दिवसापासून त्याला सलग तीन शब्द बोलता आले नाहीत. दोन शब्द झाले की श्वास अडकतो. किती डॉक्टर झाले, कुणाला काही सापडलं नाही. उरलेल्या पोरांनी आठवड्याभरात स्वतःहून कबूल केलं. केस उभी राहिली. निर्मलानं साक्ष दिली. सरांची नोकरी गेली. त्यानंतर ते बंद खोलीत झोपत नव्हते, म्हणे. छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं.

इथं संपलं असतं, तर बरं झालं असतं.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, निर्मला एकटी कोडोलीला गेली. आकारामच्या आईचे, चिमणाबाईंचे पाय धरायचे होते. चिमणाबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. घरी टीव्ही नव्हता. गावातल्या कुणी अजून त्यांना काही सांगितलं नव्हतं.

निर्मलानं नाव सांगितलं.

म्हातारीचे हात थांबले.

"तू व्हय ती? माइकवाली?"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"काल दिस बुडताना आल्ता की आकाराम. हितं उंबऱ्यात उभा ऱ्हायला. तोंड मातीनं भरलं हुतं. पानी दिलं, तर घेतलं न्हाई." चिमणाबाई तिच्याकडं टक लावून बघत राहिल्या. "म्हनला, आये, निर्मलानं सांगितलं."

निर्मला रडायला लागली. "आणि... आणखी काय म्हणाला?"

म्हातारीनं पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या.

"म्हनला, पन लई उशीर केला तिनं. आता सरांकडं जातो. मग तिच्याकडं."

सर २००९ साली गेले. झोपेत. सकाळी उशी मातीनं माखलेली होती.

निर्मला आता इचलकरंजीला असते. शाळेत शिकवते. पुन्हा तिनं माइकला हात लावला नाही. मी तिला समजावतो, एवढी वर्षं झाली, काही होणार नाही.

ती ऐकून घेते. मग बोलता बोलता मध्येच थांबते... आणि एक मोठा श्वास घेऊन बघते, येतोय का.